वाढत्या अंगाचं

माझ्या मापाचा पहिला शर्ट मी नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून शिवला. तोपर्यंतचे माझे सगळे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ होते. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात वडील मला शिंप्याकडे घेऊन जात. शिंपी छातीला टेप लावून आकडा सांगे, वडील त्यात मनानेच दोन इंच मिळवीत आणि म्हणत, ‘‘वाढत्या अंगाचं शिवा.’’ शिंप्यालाही ही भाषा पाठ होती. साऱ्या पेठेतली पोरं तो वाढत्या अंगाचीच शिवत होता. त्यामुळे शाळा सुरू झाली की आमच्या वर्गात शर्ट पुष्कळ दिसत, मुलं त्या मानाने कमी. दुसऱ्या वर्षी मी शर्टाला जवळजवळ गाठत आणलेलं असे, तोवर त्याची कॉलर विरलेली. माझ्या हिशेबाने एकेक शर्ट मला त्याच्या उभ्या आयुष्यात आठ दिवस बरोबर बसला असेल, आणि ते आठ दिवस बहुतेक दिवाळीच्या सुट्टीत गेले.

हे सगळं आता त्रेसष्टाव्या वर्षी आठवायचं कारण असं, की मला लोखंड घ्यायचं आहे.

‘‘किती किलो?’’ हिने विचारलं.

‘‘किलोवर नाही मिळत. सात नगांचा सेट असतो. चार नंबरपासून नऊपर्यंत, आणि वर एक वेज.’’

‘‘आणि भाव?’’

मी भाव सांगितला. हिने गॅस बंद केला. आमच्याकडे गॅस बंद करून ऐकावं असं मी फार क्वचित बोलतो.

‘‘एवढ्यात सोनं आलं असतं.’’

‘‘सोन्याने गोल्फ खेळता येत नाही.’’

‘‘आणि लोखंड नातीच्या लग्नात घालता येत नाही,’’ असं म्हणून हिने गॅस पुन्हा लावला. चर्चा संपली होती. परवानगी मिळाली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर, चॅनेल बदलता बदलता पाहिला असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा दांडे ठेवता येतात. अमेरिकेत हा नियम 1938 साली आला आणि स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजकरांनी तो पुढच्याच वर्षी लागू केला. त्याआधी काही मंडळी वीस-पंचवीस दांडे घेऊन हिंडत. म्हणजे हिंडत ती, वाहत कॅडी. या चौदातले निम्मे दांडे म्हणजे ‘आयर्न्स’. त्यांना नंबर असतात. नंबर जसा वाढतो तसं पातं जास्त कललेलं असतं. चेंडू उंच जातो, पण जवळ पडतो. निदान तसा जावा आणि पडावा अशी अपेक्षा असते.

मी या खेळात आलो तो पंचावन्नाव्या वर्षी, आणि तोही बँकेच्या कामाचा भाग म्हणून. आमचे तेव्हाचे वरिष्ठ गोल्फ खेळत. वरिष्ठांना भजनाची आवड असती तर मी आज टाळ घेतले असते. पुढे वरिष्ठ गेले, नोकरी गेली, गोल्फ राहिला. पुण्यात ‘‘मी सकाळी येरवड्याला असतो’’ असं सांगितलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे एकतर तुरुंग येतो नाहीतर मनोरुग्णालय. तिथे गोल्फचं मैदानही आहे ही तिसरी शक्यता आपल्याला खुलासा करून सांगावी लागते, आणि सांगितल्यावरही त्याच्या चेहऱ्यावरची काळजी कमी होत नाही.

गोल्फमध्ये माणसाची लायकी एका आकड्यात सांगतात. त्याला हँडिकॅप म्हणतात. कसलेल्या खेळाडूने जो डाव बहात्तर फटक्यांत संपवावा तो तुम्ही किती जास्त फटक्यांत संपवता, याचा तो साधारण अंदाज. हा आकडा जितका कमी तितका चांगला. माझ्या वयाच्या माणसाला असे तीन आकडे कमी करायचे असतात : साखर, वजन आणि हँडिकॅप. पहिल्या दोघांनी माझं काही ऐकलं नाही. हँडिकॅप मात्र आठ वर्षांत चोवीसवरून सोळावर आला. सोळा म्हणजे अगदी मध्यमवर्ग. धड कच्चा नाही, धड पक्का नाही. जिथे जन्मलो, जिथे नोकरी केली, तिथेच खेळातही येऊन पोचलो. फरक इतकाच, की इथे मी अजून वर चाललो आहे असं मला वाटतं.

आणि घोटाळा नेमका या ‘वर चाललो आहे’मध्ये आहे.

माझे सध्याचे दांडे एका निवृत्त कर्नलसाहेबांचे. ते डेहराडूनला मुलाकडे राहायला गेले तेव्हा जाताना मला अल्प किमतीत देऊन गेले. कर्नलसाहेब सहा फूट एक इंच. मी पाच फूट पाच. म्हणजे तिथेही वाढत्या अंगाचंच! आठ वर्षं ते दांडे मी चार बोटं खाली धरून खेळलो. या वयात मी त्यांच्या मापाचा होईन अशी आशा नव्हती. डॉक्टर तर म्हणतात की दरवर्षी थोडी उंची जातेच. तेव्हा ठरवलं, की आयुष्यात एकदा तरी आपल्या मापाचे नवे दांडे घ्यायचे. पण आपलं माप म्हणजे कुठलं? आज आहोत ते, की उद्या होऊ ते?

हा प्रश्न दुकानात गेल्यावर फार तातडीचा होतो, कारण दुकानात दोन प्रकारची लोखंडं असतात.

पहिला प्रकार ‘ब्लेड’. दिसायला इतकी देखणी, की घरात काचेच्या कपाटात ठेवावी. पातं बारीक, कड नाजूक, सगळं वजन मधोमध गोळा केलेलं. चेंडू नेमका मधोमध बसला तर हाताला काही जाणवतच नाही. लोण्यातून सुरी जावी तसा फटका जातो. पण अर्धा इंच इकडेतिकडे झालं, की हात कोपरापर्यंत झिणझिणतो आणि चेंडू शेजारच्या झाडीत. ही थोर खेळाडूंची लोखंडं.

दुसरा प्रकार ‘कॅव्हिटी बॅक’. पात्याची पाठ पोखरलेली आणि तिथलं वजन कडांना वाटलेलं. ही कल्पना रूढ करण्यात मोठा वाटा कार्स्टन सोल्हाइम नावाच्या एका इंजिनियरचा. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला असलेला हा गृहस्थ चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकला, आणि आपला चेंडू भोकात का जात नाही याचा दोष त्याने स्वतःला न देता दांड्याला दिला. इंजिनियर असल्यामुळे तो दोष त्याला सिद्धही करता आला. 1959 साली त्याने वजन दोन्ही टोकांना वाटून एक पटर केला. चेंडूला लागताना त्याचा ‘पिंग’ असा आवाज येई, म्हणून कंपनीचं नावच पिंग पडलं. पुढे हीच युक्ती त्याने आयर्न्सना लावली. तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात लांब काठी आडवी धरते ती का? तर वजन मध्यापासून जितकं दूर, तितकं ते गिरकी घ्यायला नाखूश. तसंच हे पातं. चेंडू जरा कडेला लागला तरी ते हातात फिरत नाही. चेंडू थोडा आखूड जातो, पण सरळ जातो. गोल्फवाले अशा लोखंडाला ‘क्षमाशील’ म्हणतात.

लोखंडाला क्षमाशील म्हणावं, हे मला प्रथम फार मजेचं वाटलं. मग विचार करता करता वाटलं, की ही दोन्ही लोखंडं आपण लहानपणी घरात पाहिली आहेत. माझी आई कॅव्हिटी बॅक होती. मी गणितात चाळीस मार्क मिळवून आलो तरी ‘‘पेपर अवघड होता म्हणे यंदा,’’ असं म्हणून ती चेंडू सरळ मार्गी लावी. वडील ब्लेड. अठ्ठावन्न मिळाले तर ‘‘दोन कुठे गेले?’’ एवढंच विचारत, आणि झिणझिण्या आठवडाभर राहत. आता यांतलं भलं कुणी केलं? आई नसती तर मी शाळाच सोडली असती. वडील नसते तर मी शाळेत अजून असतो.

क्षमेतही एक गोम आहे. चुकलो हे कळून मिळाली तर ती क्षमा. चुकलो हेच कळू दिलं नाही, तर तिला काय म्हणावं? क्षमाशील लोखंडाने खेळणाऱ्याला वर्षानुवर्षं वाटत राहतं की आपण मधोमध मारतो आहोत. उलट ब्लेडवाला प्रत्येक चूक मनगटात घेऊन घरी येतो. मग सुधारणाऱ्या माणसाने कुठलं घ्यावं? ‘ब्लेड घ्या, शिक्षा होईल, शिकाल’ म्हणणारे एका बाजूला. ‘खेळ आनंदासाठी आहे, छडी खायला नव्हे’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. आमच्या क्लबात या विषयावर चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. चहा थंड झाला की पोऱ्यावर ओरडण्यात मात्र दोन्ही पक्षांची एकजूट होते. तेवढ्यापुरतं क्षमाशील कुणीच नसतं.

शेवटी मी दुकानात गेलो. हल्ली दांडा नुसता हातात घेऊन, नजरेने तोलून घेता येत नाही. आत एक खोली असते. समोर जाळी, पडदा, जमिनीवर एक रडारची डबी. तुम्ही जाळीत चेंडू मारायचा. तो किती वेगाने गेला, किती उंच गेला असता, कुठे पडला असता, हे सगळं पडद्यावर उमटतं. ‘असता’वर एवढी अचूक आकडेमोड मी फक्त बँकेच्या प्रोजेक्शनमध्ये पाहिली होती. दाखवायला एक तरतरीत मुलगा होता. माझ्याकडे एकदा पाहून तो म्हणाला, ‘‘काका, तुम्हाला सीनियर शाफ्ट देतो.’’

मी दुखावलो. मुदतठेवीवर अर्धा टक्का जास्त व्याज घेताना मी सीनियर आहे हे मला मान्य असतं, पण ते कागदावर. ‘‘रेग्युलर दे,’’ मी म्हटलं.

त्याने आधी एक आधुनिक, जाडजूड कॅव्हिटी बॅक दिला. सात नंबर. माझ्या जुन्या सात नंबरने चेंडू एकशेतीस यार्ड जातो. याने एकशेपंचेचाळीस गेला! मी एका फटक्यात पंधरा यार्ड तरुण झालो. पुन्हा मारला, पुन्हा तेच. पाकीट काढायला हात खिशात गेला होता. इतक्यात छत्तीस वर्षांच्या सवयीने मी बारीक अक्षरातला तक्ता वाचला. माझ्या जुन्या सात नंबरच्या पात्याचा कल पस्तीस अंशांचा. या नव्या सात नंबरचा एकोणतीस. म्हणजे हा जुन्या हिशेबाने जवळजवळ पाच नंबर होता, पाठीवर सात छापलेला! पोराने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, की हल्ली पुष्कळ कंपन्या असं करतात, आणि नव्या घडणीमुळे चेंडू तरीही पुरेसा उंच जातो. जात असेलही. पण मला आमच्या वेळचे मॅट्रिकचे साठ टक्के आणि आताचे दहावीचे पंच्याण्णव टक्के आठवले. पोरं हुशार झाली असतील, नाही असं नाही. पण थोडा कलही बदललेला आहे.

मग मी ब्लेड मागितलं. पोराच्या भुवया वर गेल्या, पण गिऱ्हाईक देव असतो. दहा चेंडू मारले. त्यातला चौथा फटका... त्या फटक्याचं काय सांगू? आवाजसुद्धा आला नाही. पडद्यावर चेंडू असा गेला, की मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणीतरी मारला की काय. उरलेल्या नऊतले दोन बरे, चार वाईट आणि तीन असे, की पडद्यावरचा हिरवा भाग सोडून ते बाहेर कुठेतरी पडले.

पोराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि विचारलं, ‘‘काका, हे तीन डिलीट करू?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काढून टाकतो. मग सरासरी चांगली दिसेल. सगळेच काढतात.’’

खोटं कशाला सांगू, मी ‘‘काढ’’ म्हटलं. तीन फटके गेले. सरासरी सुधारली. मग चार वाईटांपैकी दोन काढले. ते काय, चेंडू ठेवतानाच वाकडा ठेवला होता. पडद्यावर उरला तो एक उत्तम गोल्फर होता. तो मी असतो तर मला फार आनंद झाला असता.

आणि तिथे, त्या थंडगार खोलीत, मला कोल्हापूरकडचा एक टर्नर आठवला.

1994 साली मी तिकडच्या एका शाखेत होतो. एक तरुण टर्नर दुसऱ्या लेथसाठी कर्ज मागायला आला. भाड्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ, हातात चिकार ऑर्डरी, आणि कागदावर काहीच नाही. मी नियमाप्रमाणे तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. त्याने जे होतं ते आणलं. पहिलं वर्ष तोट्याचं, दुसरं कसंबसं, तिसरं बरं. मी तिन्हींची सरासरी काढली. त्याचं एकही वाईट वर्ष ‘डिलीट’ केलं नाही. तो टेबलाच्या कडेला बोटं धरून उभा होता. म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही कागद मागचं मागताय, पण हप्तं तर मी फुडं भरणार हाय नव्हं?’’

मी हसलो. वाक्य छान होतं. त्या दिवशी जेवताना सहकाऱ्यांनाही सांगितलं. आणि त्याने मागितल्याच्या निम्मी रक्कम मंजूर केली. निम्म्या पैशात नवा लेथ येत नाही. त्याने एक मोडका जुना घेतला. तो सारखा बंद पडे, हे पुढे पाहणीला गेलो तेव्हा कळलं. तो हात काळे करून त्याच्या पोटात शिरलेला होता. मला पाहून उठला, चहा मागवला, तक्रार केली नाही. कर्जाचा हप्ता त्याने एकही चुकवला नाही. शेवटचा तर मुदतीआधी भरला. म्हणजे माझा हिशेब कागदावर बरोबर होता आणि माणसावर चुकला होता. तो वाढत होता आणि मी त्याला मापाचं शिवलं होतं.

आता मी स्वतःसाठी उभा होतो, तर माझे वाईट फटके पुसायला पोरगा तयार होता आणि मी ‘‘काढ’’ म्हणत होतो! त्याला मागचे कागद, आणि मला पुढची आशा. त्या तिशीतल्या माणसाला वाढायला दोन इंच नाकारणारा मी, त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःला चांगले चार इंच मंजूर करायला निघालो होतो.

मी पोराला म्हटलं, ‘‘सगळे फटके परत आण.’’

‘‘काका, डिलीट केलेले परत येत नाहीत,’’ तो म्हणाला.

मी विचार करून सांगतो म्हणून बाहेर पडलो.

गोल्फमध्ये प्रामाणिकपणाची एक गोष्ट नेहमी सांगतात. 1925 सालच्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू गवतात असताना किंचित हलला. तो हललेला फक्त त्याने पाहिला. त्याने स्वतःच एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धेअंती तो बरोबरीत राहिला आणि प्लेऑफमध्ये एका फटक्याने हरला. लोक त्याची स्तुती करू लागले, तेव्हा, ‘यात स्तुती कसली, मी बँक लुटली नाही म्हणून माझं कौतुक कराल का?’ अशा अर्थाचं तो काहीतरी म्हणाल्याचं सांगतात. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला ही उपमा बरोबर कळते. बँक बंदुकीने क्वचितच लुटली जाते. ती लुटली जाते ती एकेक नोंद सोयीची करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या कॅडीला विचारलं. त्याला सगळे मामा म्हणतात. चाळीस वर्षं त्याने लोकांचे दांडे वाहिलेत, आणि कुणाच्या पिशवीत काय आहे आणि मनगटात काय नाही, हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक आहे.

‘‘मामा, हँडिकॅप सोळा आला. आता ब्लेड घेऊ का?’’

मामाने माझी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. ‘‘साहेब, तुमचा चांगला दिवस असला ना, तर तुम्ही छत्रीच्या दांड्यानं पण मारताय. दांडा वाईट दिवसासाठी घ्यायचा असतो.’’

मी पुढचे तीन होल गप्प होतो. कारण हँडिकॅपचं गणित मला माहीत होतं. 2020पासून जगभर त्याची एकच पद्धत आली आहे : तुमच्या शेवटच्या वीस खेळ्या घ्यायच्या, त्यातल्या सर्वांत चांगल्या आठ निवडायच्या, आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेल्या बारा? त्या सोडून द्यायच्या. ही पद्धत बँकेत असती तर देशात एकही कर्ज बुडालं नसतं! म्हणजे माझे ते सोळा, ज्यांचा मी घरात आणि बाहेर इतका उल्लेख करतो, ते माझ्या आठ चांगल्या दिवसांचे आहेत. हँडिकॅप हाच मुळी वाढत्या अंगाचा शर्ट आहे. तुम्ही कोण आहात ते तो सांगत नाही. तुम्ही काय होऊ शकता ते सांगतो. पण मैदानावर जातो तो विसाच्या वीस दिवसांचा माणूस. लोखंड घ्यायचं ते त्या बारा दिवसांच्या माणसासाठी.

त्या रात्री मला वडिलांबद्दल एक गोष्ट आठवली. साठ वर्षांत ती डोळ्यांपुढे असून दिसली नव्हती. शिंप्याकडे ते स्वतःचाही शर्ट कधीमधी टाकत. तेव्हा मात्र टेपवर जो आकडा येई तोच लिहायला सांगत. वर अर्धा इंचही नाही. कॉलर विरली की ती उसवून, उलटवून पुन्हा शिवून घेत, आणि तो शर्ट आणखी दोन वर्षं घालत. मी त्यांना ब्लेड म्हणत आलो. पण ज्या माणसाने मला शब्दाने कधी शाबासकी दिली नाही, तो दरवर्षी जूनमध्ये, परक्या माणसासमोर, पदरचे पैसे मोजून, ‘हा वाढणार आहे’ असं जाहीर करत होता. दोन इंच जास्त कापडाचे पैसे लागत. ते त्यांनी माझ्यावर लावले. स्वतःवर नाही.

मी नेमकं उलटं केलं. दुसऱ्याला मापाचं शिवलं आणि स्वतःला वाढत्या अंगाचं शिवायला निघालो.

असो. लोखंडाचं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, गृहस्थ वडिलांवर निबंध लिहून मोकळा झाला. मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. पंचवीस चेंडू मारले, एकही पुसू दिला नाही. पोरगा वैतागला, पण आकडे खरे आले. शाफ्ट सीनियरच ठरला. शेवटी एक मिश्र सेट घेतला. अशी पद्धत आहे, जाणकारही सुचवतात. चार, पाच, सहा ही लांबच्या पल्ल्याची लोखंडं रुंद आणि क्षमाशील. कारण लांबचं काही माणसाला नीट दिसत नाही, तिथे चूक होणारच. आठ, नऊ आणि वेज ही जवळची. ती जरा बारीक, चुकलं की लगेच मनगटाला सांगणारी, कारण जवळच्या गोष्टीत चुकायला सबब नसते. म्हणजे लांबच्याला आई, जवळच्याला वडील. मधला सात नंबर मी हिच्यासारखा निवडला. तो क्षमा करतो, पण आधी ऐकवतो.

नव्या दांड्यांनी माझा हँडिकॅप किती उतरला, असं विचारू नका. सतरा झाला आहे.

राहता राहिले कर्नलसाहेबांचे जुने दांडे. भंगारात हिने त्यांचा भाव आधीच काढून ठेवला होता. पण मामाची एक नात आहे, तेरा वर्षांची. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की कडेच्या पडीक तुकड्यात ती एका तुटक्या, आखूड केलेल्या दांड्याने चेंडू मारत असते. मी एकदोनदा झाडाआडून पाहिलं आहे. दहातले सहा वाईट. चार असे, की मी मागे वळून पाहिलं.

मी पिशवी मामापुढे ठेवली. त्याने त्यातला पाच नंबर काढला, नातीच्या शेजारी उभा धरून पाहिला. दांडा तिच्या कमरेच्या बराच वर आला.

‘‘लई मोठं पडतंय, साहेब,’’ मामा म्हणाला. ‘‘कापून देऊ का?’’

‘‘कापू नका, मामा,’’ मी म्हटलं. ‘‘वाढत्या अंगाचं आहे.’’